पॅकेज कुणी बांधलं, ते आधी बघा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात दोन जुने कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला हात वर केले, आणि हे दोन्ही डबे विंडोज ११च्या अटींत काही बसेनात. मालक म्हणाले, चालतायत की अजून, फेकायचे कशाला? मग एकावर मी डेबियन चढवलं, लिनक्सचा एक प्रकार. दुसऱ्यावर माझ्या पुतण्याने आर्च, लिनक्सचाच दुसरा प्रकार, चढवलं, कारण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराला डेबियन म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटतं.

आठवड्याने गेलो तर त्या दुसऱ्या मशीनवर एक नवाच ब्राउझर.

“हा कुठनं आणलास?”

“नेटवर सापडला, टाकलो की काका. चालालंय बी मस्त.”

“बांधलाय कुणी?”

“म्हणजे?”

पुढचं सगळं त्या ‘म्हणजे?’चं उत्तर आहे. नुकतंच लिनक्सवर आलेल्या कुणालाही ते चालेल. एवढंच ध्यानात ठेवा की कमांड आणि पॅकेजांची (म्हणजे बसवायला तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरची) नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन लिपीत टाइप करायची.

विणणारा वेगळा, बांधणारा वेगळा

त्याच कारखान्यात बघा. टॉवेल मागावर विणतो एक, धुलाई करतो दुसरा, आणि घडी घालून, पिशवीत भरून लेबल लावतं ते पॅकिंग खातं. गिऱ्हाइकाला विणकर कधी दिसत नाही. त्याच्या हातात पिशवी येते आणि पिशवीवर नाव असतं.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. फायरफॉक्स मोझिलाने लिहिला, पण डेबियनच्या भांडारातून तुमच्याकडे येणारा फायरफॉक्स डेबियनच्या लोकांनी मूळ कोड घेऊन, आपल्या यंत्रणेवर कंपाइल करून, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवून, आपल्या पद्धतीने बांधलेला असतो. या बांधणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो पगारी नसतो. दिवसभराची नोकरी करून रात्री हे काम करणारा कुणीतरी असतो.

‘ओपन सोर्स आहे ना, कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं, मग धोका कसला?’ हे मी कॉलेजच्या पोरांकडून नेहमी ऐकतो. कोड उघडा असतो, पण पिशवी बांधून येते. आत तोच कोड भरलाय, वर काही घातलेलं नाही, हे कोण सांगणार? शिवाय पॅकेज बसवताना त्यातल्या छोट्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या खात्याच्या, अधिकाराने चालू शकतात. तुम्ही पासवर्ड टाकून एंटर दाबलंत की तेवढ्या वेळापुरता तो अनोळखी बांधणारा तुमच्या मशीनचा मालक होतो.

म्हणून काहीही बसवायच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो. हे कुणी बांधलं? आणि त्याने चूक केली, किंवा मुद्दाम काही केलं, तर ते कुणाच्या नजरेला पडेल? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. माणूस चांगला की वाईट हे आपल्याला सोलापुरात बसून कळणार नाही. त्याच्या कामावर आणखी कुणाची नजर आहे का, हे मात्र कळू शकतं.

पहिली पायरी: आयएसओ तपासून घ्या

लोक पॅकेजांची चिंता करतात आणि ज्या आयएसओवरून, म्हणजे पेन ड्राइव्हवर टाकलेल्या ज्या फाइलवरून, अख्खं लिनक्स बसवलं ती कुणाकडून आली ते विसरतात. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंक बदलली होती. त्या दिवशी तिथून मिंट १७.३ची सिनॅमन आवृत्ती उतरवणाऱ्यांना मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलेली आयएसओ मिळाली. पत्ता बरोबर, वेबसाइट खरी, माल खोटा.

म्हणून आयएसओ उतरली की तिचा चेकसम काढा. ‘शा२५६सम’ ही कमांड आणि पुढे फाइलचं नाव दिलं की अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ येते. ती वेबसाइटवर दिलेल्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ही ओळ पार बदलते. पण वेबसाइटच फोडली असेल तर चोर चेकसमही बदलून ठेवेल. त्यासाठी चेकसमच्या फाइलवर प्रकल्पाने केलेली डिजिटल सही असते, आणि ती ‘जीपीजी’ने तपासता येते. सही करायची गुप्त किल्ली वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवलेली नसते, म्हणून वेबसाइट फोडणाऱ्याला सही बनवता येत नाही. पहिल्यांदा हे किचकट वाटेल. निदान चेकसम तरी जुळवाच, आणि मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेल्या आयएसओचाही जुळवा. मित्र प्रामाणिक असतो, पण त्याने ती कुठून घेतली हे त्यालाही आठवत नसतं.

दुसरी पायरी: आधी घरचं भांडार

विंडोजवर आपल्याला एक सवय लागलेली असते. नाव शोधायचं, पहिल्या लिंकवर जायचं, फाइल उतरवायची, मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. लिनक्सवर ही सवय सोडायची. पहिल्यांदा आपल्या डिस्ट्रोच्या (आपण घेतलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या) अधिकृत भांडारात, म्हणजे रेपोत बघायचं.

कारखान्यातलं पहिलं काम मराठीचं होतं, कारण महापालिकेला अर्ज मराठीत जातात. देवनागरी फॉन्टसाठी ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ आणि टायपिंगसाठी ‘आयबस-एम१७एन’, दोन्ही डेबियनच्या रेपोत आहेत. एपीटी हे डेबियनचं पॅकेज बसवायचं साधन; ‘एपीटी इन्स्टॉल’ म्हटलं, झालं. फुकट फॉन्ट देणाऱ्या भलत्याच वेबसाइटवर जायची वेळच आली नाही.

या घरच्या भांडारावर मी भरवसा का ठेवतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्याशी ताडून बघायच्या आहेत.

डेबियन १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केलं. कंपनी नाही, शेअरबाजार नाही. जगभरातले सुमारे हजारभर अधिकृत डेव्हलपर आणि त्यांच्याभोवती आणखी बरेच मदतनीस. अधिकृत होणं सोपं नाही. आधी काम दाखवावं लागतं, आधीच्या डेव्हलपरांनी तुमच्यासाठी शब्द टाकावा लागतो, आणि तुमची डिजिटल किल्ली खरंच तुमची आहे याची ओळख आधीच्या कुणीतरी पटवावी लागते. बहुधा प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र बघून. आपल्याकडे बँकेत खातं उघडताना जुन्या खातेदाराची सही आणायला सांगायचे, त्यातलाच प्रकार.

मग त्या माणसाने बांधलेलं पॅकेज थेट तुमच्याकडे येत नाही. ते आधी ‘अनस्टेबल’मध्ये जातं, जिथे हौशी आणि धाडसी लोक ते वापरतात. काही दिवसांत मोठी खोट सापडली नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून, घासूनपुसून ‘स्टेबल’ निघतं. तुमच्या मशीनवर येईपर्यंत ते बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेलं असतं.

आता वाटेतल्या चोराचं काय? पॅकेजं जगभरच्या आरशांवर, म्हणजे मिरर सर्व्हरवर ठेवलेली असतात. कुठलं कॉलेज, कुठली इंटरनेट कंपनी ते चालवते. त्या सर्व्हरवर भरवसा ठेवायची गरजच पडू नये अशी सोय केली आहे. रेपोच्या माथ्यावर एक ‘रिलीज’ फाइल असते, तिच्यावर डेबियनची सही. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या यादीचा चेकसम असतो आणि त्या यादीत प्रत्येक पॅकेजचा. तुमचं मशीन आधी सही तपासतं, मग यादी, मग पॅकेज. मिररवाल्याने एका पॅकेजमध्ये टाचणी जरी घातली तरी साखळी तुटते आणि एपीटी हटून बसतं. तेव्हा अपडेट करताना सही जुळत नाही असा इशारा आला तर नेटवर शोधून तो गप्प करायची युक्ती वापरू नका. मी लोकांना ती वापरताना बघितलंय. गॅसचा वास येतोय म्हणून नाक बंद करण्यापैकी आहे ते.

कुठलं पॅकेज कुठून आलं हे बघायला ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव. उत्तरात रेपोचा पत्ता दिसतो. पत्ता डेबियनचा असेल तर ठीक. नुसतीच मशीनमधल्या ‘स्टेटस’ फाइलची वाट दिसली, तर ते कुणीतरी हाताने आणून बसवलेलं आहे, किंवा ज्या रेपोतून आलं तो आता राहिलेला नाही. जुनं मशीन ताब्यात घेतलं की मी ही चौकशी आधी करतो.

घरच्या भांडाराबद्दल एक तक्रार सतत येते, की सगळं जुनं असतं. असतं. हिशेबाच्या टेबलावर मला जुनंच हवंय.

तिसरी पायरी: फ्लॅटपॅक

रेपोत नाही किंवा फारच जुनं आहे, तर फ्लॅटहबवर, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या फ्लॅटपॅक ॲपच्या दुकानात बघा. इथेही तोच प्रश्न. ॲपच्या नावापाशी ‘व्हेरिफाइड’ची खूण असेल तर ते मूळ प्रकल्पानेच दिलंय किंवा त्याच्या संमतीने आहे. खूण नसेल तर बहुधा तिसऱ्याच कुणी स्वयंसेवकाने बांधलंय. ते वाईटच असतं असं नाही, माझ्याकडे तशी दोन-तीन आहेत. फ्लॅटपॅकमधलं ॲप एका कुंपणात चालतं, पण कुंपणाला दारं किती ठेवायची हे बांधणारा ठरवतो. म्हणून परवानग्यांची यादी वाचा. साध्या गणकयंत्राला तुमचं अख्खं होम फोल्डर कशाला लागतं? उबुंटू हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्यांनी त्यांच्या स्नॅप ॲपच्या दुकानातही हीच नजर ठेवावी. २०१८च्या मे महिन्यात तिथल्या एका साध्या खेळाच्या पोटात क्रिप्टोचं खाणकाम करणारा प्रोग्राम सापडला होता.

चौथी पायरी: बाहेरचा रेपो जोडण्याआधी थांबा

बाहेरचा रेपो म्हणजे उबुंटूचे पीपीए (कुणीही उघडू शकेल असे खासगी रेपो), किंवा ‘ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा’ म्हणणाऱ्या वेबसाइटी. एक पॅकेज घेणं वेगळं आणि रेपो जोडणं वेगळं. रेपो जोडला की पुढचं प्रत्येक अपडेट त्या माणसाच्या हातात जातं. शिवाय तो तुम्ही मागितलेलंच देईल असं नाही. तुमच्या मशीनमधल्या दुसऱ्या एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती त्याने ठेवली असेल, तर अपडेटच्या वेळी तीही आत येते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी लग्नाच्या व्हिडिओसाठी एक एडिटर हवा होता, म्हणून मी कुणा एकाचा रेपो जोडला. एडिटर छान चालला. काम झालं, रेपो विसरलो. पुढच्या वर्षी ऐन संक्रांतीत सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेली, आणि त्या माणसाने आपल्या एडिटरसाठी ठेवलेल्या दोन मूलभूत लायब्ऱ्या नव्या सिस्टीमशी भांडायला लागल्या. सगळं घर सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर, आणि मी काळ्या पडद्यासमोर. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं. त्याचा रस संपला होता, एवढंच. मशीनच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारखंच.

रेपो जोडायचाच असेल तर तो मूळ लेखकांचा असावा, त्याची किल्ली फक्त त्या रेपोपुरतीच मान्य होईल अशी बसवावी, आणि काम झालं की काढून टाकावा. किल्ली सगळ्या रेपोंना लागू करणारी जुनी ‘एपीटी-की’ कमांड अजूनही बऱ्याच मार्गदर्शिकांत सापडते. ती दिसली की मार्गदर्शिका शिळी आहे असं समजा.

आणि ‘कर्ल’ने नेटवरून फाइल ओढून ती थेट ‘सुडो बॅश’च्या तोंडात घालणारी, म्हणजे न वाचताच रूट म्हणून चालवणारी, एका ओळीची कमांड? मोठमोठे प्रकल्पही ती देतात, तरी मला पटत नाही. फाइल आधी उतरवा, उघडा, वाचा, मग चालवा.

पाचवी पायरी: एयूआर, आणि वाचायची सवय

आता पुतण्याच्या मशीनकडे. आर्चचं अधिकृत भांडार आहे, त्यातली पॅकेजं सही केलेली असतात, ती ‘पॅकमन’ने येतात. त्याच्या शेजारी आर्च यूजर रिपॉझिटरी, म्हणजे एयूआर. इथे कुणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतं. आधीची ओळख नाही, सहीची अट नाही, अनस्टेबल-टेस्टिंगची चाळणी नाही. वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वापरावं असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. तरीही एयूआर मला आवडतं, कारण तिथे लपवाछपवी कमी आहे. एयूआर तुम्हाला बांधलेली पिशवी देत नाही, कृती देतं. शेंगा चटणीची कृती असावी तशी: शेंगा कुठून आणायच्या, लसूण किती, तिखट किती, उखळात कशी कुटायची. चटणी तुमच्याच घरी होते. त्या कृतीच्या फाइलचं नाव पीकेजीबिल्ड. ती साधी बॅश स्क्रिप्ट असते, बहुधा एका पानात मावणारी.

मेख अशी की कृती वाचता येते, पण वाचत कुणी नाही. ‘याय’ किंवा ‘पारू’सारखे मदतनीस प्रोग्राम फाइल समोर धरतात, विचारतात, आणि आपण एंटर, एंटर, एंटर. (हे मदतनीस आर्चचे अधिकृत नाहीत, बरं का. तेही एयूआरमधूनच येतात.) म्हणून सुरुवातीची दहा पॅकेजं तरी हाताने करा. गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने फोल्डर उतरवा, पीकेजीबिल्ड उघडा, वाचा, मग ‘मेकपीकेजी’ चालवा. मेकपीकेजी रूट म्हणून चालायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे. पण ‘रूट नाही म्हणजे सुरक्षित’ असं समजू नका. हिशेबाच्या फाइली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, बँकेची आणि जीएसटीची लॉगिनं, सगळं तुमच्या साध्या खात्याच्या फोल्डरमध्येच असतं. ते पळवायला रूट लागतच नाही.

वाचायचं काय?

सगळ्यात आधी ‘सोर्स’. कच्चा माल कुठून येतोय, त्याचे पत्ते इथे असतात. प्रत्येक पत्ता मूळ प्रकल्पाच्या वेबसाइटचा किंवा त्याच्या गिटहब खात्याचा आहे का, हे ब्राउझरमध्ये उघडून बघा. निम्मं काम इथेच होतं. १६ जुलै २०२५ला एयूआरमध्ये तीन पॅकेजं आली: ‘लिब्रवुल्फ-फिक्स-बिन’, ‘फायरफॉक्स-पॅच-बिन’ आणि ‘झेन-ब्राउझर-पॅच्ड-बिन’. नावं बघा कशी हुशारीने ठेवलीत. ब्राउझर ओळखीचा, वर ‘फिक्स’, ‘पॅच’; नवशिक्याला वाटणार, ही सुधारलेली आवृत्ती. ब्राउझरच्या खऱ्या पत्त्याच्या जोडीला ती गिटहबवरच्या एका तिऱ्हाईत खात्यातून एक स्क्रिप्ट ओढत होती, आणि तिच्यातून मशीन दुरून ताब्यात घेणारा प्रोग्राम आत शिरत होता. १८ तारखेपर्यंत आर्चच्या लोकांनी तिन्ही काढली. मधले दोन दिवस मात्र ज्याने टाकली त्याने टाकली. सोर्सची यादी वाचणाऱ्याला तो तिसऱ्याच माणसाचा पत्ता दिसला असता.

मग चेकसमची ओळ. इथे नवशिके एक चूक करतात. चेकसम जुळला म्हणजे माल चांगला, असं त्यांना वाटतं. हा चेकसम बांधणाऱ्यानेच लिहिलेला आहे. त्याने जी फाइल घेतली तीच तुम्हाला मिळाली, एवढंच त्यातून कळतं. ती फाइल सज्जन आहे की नाही, ते नाही. चेकसमच्या जागी ‘स्किप’ लिहिलेलं असेल तर सोर्स थेट गिटमधून येतोय का बघा. तसं असेल तर ते नेहमीचं आहे. ठरावीक आवृत्तीच्या बांधीव फाइलला ‘स्किप’ असेल तर भुवया वर गेल्या पाहिजेत. आणि मूळ लेखकाची सही तपासायची ओळ दिसली, तर बांधणारा काळजीवाहू आहे असं मी धरतो.

‘बिल्ड’ आणि ‘पॅकेज’ या भागांत कंपाइल करणं आणि फाइली जागेवर ठेवणं, एवढंच असायला हवं. तिथे ‘कर्ल’ किंवा ‘डब्ल्यूगेट’ दिसलं, अक्षरांचा न वाचता येणारा लांबच लांब गोळा दिसला, तुमच्या होम फोल्डरचा उल्लेख दिसला, तर फाइल बंद करा. फोल्डरमध्ये ‘डॉट इन्स्टॉल’ शेवट असलेली वेगळी फाइल असेल तर ती आवर्जून उघडा. पॅकमन ती रूट म्हणून चालवतं, आणि बहुतेक जण ती बघतच नाहीत.

नावाच्या शेवटी ‘बिन’ असेल तर तुमच्याकडे काही कंपाइल होत नाही, तयार फाइल येते. म्हणजे कृती म्हणतेय, बाजारातून तयार चटणी आणा. अशा वेळी ती फाइल मूळ प्रकल्पाच्याच प्रकाशन पानावरून येतेय ना, हे बघणं सोडू नका.

शेवटचं, मेंटेनर कोण. पॅकेज पहिल्यांदा कधी आलं, शेवटचं कधी बदललं, हा माणूस आणखी काय काय सांभाळतो, हे पानावरच असतं. मतं भरपूर आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण मतं पॅकेजला मिळतात आणि पॅकेज हात बदलतं. मेंटेनरने सोडून दिलेल्या पॅकेजला तिथे अनाथ म्हणतात, आणि अनाथ पॅकेज कुणीही दत्तक घेऊ शकतं. २०१८च्या जुलैमध्ये ‘ॲक्रोरीड’ नावाचं जुनं, अनाथ पॅकेज एकाने दत्तक घेतलं आणि कृतीत एक ‘कर्ल’ची ओळ घुसवली, ती बाहेरून स्क्रिप्ट आणून मशीनची माहिती गोळा करत होती. ज्यांनी ते पॅकेज कित्येक वर्षांपूर्वी तपासून घेतलं होतं, त्यांच्याकडेही ती ओळ अपडेटच्या वाटेने गेली असती.

म्हणून अपडेटच्या वेळी पुन्हा वाचायचं. अख्खं नाही, फक्त फरक. मदतनीस प्रोग्राम जुन्या-नव्या कृतीतला फरक दाखवतो. साधारणपणे त्यात दोनच गोष्टी बदललेल्या असतात, आवृत्तीचा आकडा आणि चेकसम. त्याहून जास्त काही हललेलं दिसलं की थांबायचं. चहा होईपर्यंतचं काम आहे.

पुतण्याच्या त्या ब्राउझरचं काय निघालं? काही नाही. सोर्स खरा होता, मेंटेनर जुना होता. पण हे आम्हाला बसवल्यानंतर कळलं, आणि त्यालाच माझी हरकत होती.

हे सगळं करूनही

२९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा आहे. त्याला तो सापडला तो एका विचित्र कारणाने: त्याच्या चाचणीच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण राउटरला दोन शिव्या घालून पुढे गेलो असतो.

हे काम ‘जिया टॅन’ नाव लावणाऱ्या कुणीतरी केलं होतं, आणि घाईत केलं नव्हतं. दोन वर्षांहून जास्त काळ त्याने प्रामाणिक सहकाऱ्यासारखं काम केलं. लासे कॉलिन हा मूळ मेंटेनर एकटा होता, बिनपगारी होता, थकलेला होता. ‘काम पुढे का सरकत नाही’ म्हणून त्याच्यामागे तगादा लावणारी खातीही त्या काळात उगवली. हळूहळू जबाबदारी जिया टॅनकडे गेली. दरवाजा उघडणारी कळीची ओळ गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच, फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या फाइलमध्ये होती. पुन्हा तेच: कोड उघडा, पिशवी वेगळी.

डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये ते पोचलं होतं. स्टेबलमध्ये पोचलं नव्हतं. माझ्या पुतण्याला ‘म्हाताऱ्यांचं’ वाटणारं डेबियन संथ असल्यामुळेच वाचलं.

पण डेबियनला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या साधनाच्या पॅकेजमध्ये एका डेबियन मेंटेनरने चांगल्या हेतूने काही ओळी बंद केल्या होत्या. त्यामुळे २००६ ते मे २००८ या काळात डेबियनवर बनलेल्या किल्ल्या ओळखायला सोप्या झाल्या. एकेका प्रकारात जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. मूळ लेखकांचा कोड ठीक होता, चूक बांधणाऱ्याच्या हातून झाली, आणि जवळजवळ दोन वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. यावर इलाज म्हणून आता ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चं काम चालतं: तोच कोड दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या मशीनवर बांधला तरी पिशवी अक्षरशः एकसारखी निघाली पाहिजे. म्हणजे पिशवीत वर काही घातलं तर ते झाकत नाही. चूक कोडमध्येच असेल तर मात्र ती दोन्ही पिशव्यांत सारखीच उतरणार, तिथे वाचणारी नजरच लागते. नवशिक्याने यासाठी काही करायचं नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी घ्यायचे. ‘काही बिघडलं नाही तर हात लावू नका’ हा सल्ला पाण्याच्या पंपाला ठीक आहे.

शेवटची पायरी: वही

कारखान्यात हिशेबाच्या टेबलाच्या खणात मी एक शंभरपानी वही ठेवली आहे. घरच्या भांडाराबाहेरून जे जे बसवलं त्याची नोंद: तारीख, पॅकेजचं नाव, कुठून, मेंटेनर कोण, कशासाठी. आर्चवर अशी बाहेरची पॅकेजं एका कमांडने दिसतात. पॅकमन, मग एक आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठा क्यू, बारीक एम. दर दोन महिन्यांनी ती यादी काढून वहीशी ताडायची. ज्याचा ‘कशासाठी’ आता उरला नाही ते काढून टाकायचं. अनाथ झालेलं दिसलं तर पर्याय शोधायचा, आणि हिंमत असेल तर स्वतः दत्तक घ्यायचं. निदान एखादी खोट सापडली तर ती नीट लिहून मेंटेनरला कळवायची. डेबियनवर त्यासाठी ‘रिपोर्टबग’ नावाचं साधन आहे. एवढं केलंत तरी त्या एकट्या माणसाच्या कामावरच्या दोन डोळ्यांत तुमचे दोन मिळाले.

पहिली तीन पानं माझ्या अक्षरात आहेत. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा चौथ्या पानावर पुतण्याची पहिली नोंद होती. स्कॅनरच्या ड्रायव्हरचं नाव, पुढे ‘एयूआर’, त्यापुढे ‘मेंटेनर नवीन, सोर्सचा पत्ता बदललाय’. शेवटच्या रकान्यात, जिथे ‘कशासाठी’ लिहायचं, तिथे त्याने लिहिलं होतं: ‘टाकलो नाही. काकाला विचारणे.’